पालकाची सही

२१ जुलै २०२५, सोमवार

आज आमी आलो. कीर्ती म्हणती, आजी, वहीत आदी तारीख टाकायची, मग मजकूर. टाकली. वही तिनंच दिली, शंभर पानी, वर मोराचं चित्र. रोज चार ओळी लिहिल्या की हात वळतो म्हणती. माझी शाळा तिसरीपतोर, ती बी अर्धी. पुढं पन्नाशीत प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बाराखडी पुरी केली. चार ओळीत माझं भागायचं न्हाय, हे अजून तिला ठाऊक न्हाय.

वळसंगवरनं साडेआठची यष्टी धरली. माझ्या मांडीवर पिठाचा डबा, कीर्तीच्या मांडीवर पुस्तकाची पिशवी. कंडक्टर म्हणला, म्हातारे, नांदायला निघालीस का? मी म्हणलं, व्हय, कॉलेजात. अख्खी यष्टी हसली. कीर्ती खिडकीकडं तोंड करून बसली, पर तिचे बी खांदे हलत हुते, मला दिसलं की.

कॉलेजचं पत्र मी पदरात गुंडाळून आणलेलं. त्यात लिहिलंय, पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालेल्या हरेक मुलीला कॉलेजच्या आवारातच खोली, हमीनं. हमीनं! माझ्या सत्तर वर्षात मला हमीनं काय मिळालं असंल तर उन्हाळा.

कीर्तीची आई ती चार वर्षांची असताना गेली. माझा ल्योक यशपाल, तिचा बाप, करोनात गेला. तवापासनं ती आन मी, दोघीच. म्हणून फॉर्मवर पालक म्हणून मीच. हाफिसात गुरुराज नावाचा क्लार्क हाय, अजून मिसरूड कवळं. मला बघून त्यानं सवयीनं शाईची डबी पुढं सारली, अंगठ्यासाठी. मी ती दोन बोटांनी परत त्याच्याकडं सारली आन पेन मागितला. नागूबाई सिद्राम शिवशरण. सावकाश लिहिलं. मागं रांग खोळंबली, तर खोळंबू दे. अख्ख्या जल्मात तिसऱ्यांदा सही केली मी.

गुरुराजनं दोन नेम सांगितले. एका पालकामागं एकच खाट. आन मुलीला बाहेर न्यायचं तर पालकानं स्वता येऊन गेटवरच्या वहीत सही करायची. मी म्हणलं, लेकरा, मला नात एकच हाय, दुसरी कुटनं आणू?

खोली नंबर नऊ. दोन खाटा, दोन कपाटं, एक खिडकी, तिच्यातनं थेट गेट दिसतं. एक खाट रिकामीच, गादी गुंडाळून ठेवलेली. कीर्तीनं खिडकीजवळची धरली. मी तिच्यावर नवी चादर घातली, निळी, सोलापुरीच. हितल्या मागावर विणलेली चादर आमच्या घरात पयल्यांदा इकत आणली, आजपतोर लोकांनी जुनी झाल्यावर दिलेल्याच पांघरल्या. कीर्तीनं कपाटावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला. मी हात जोडले आन रडले. आनंदानं. लिहून ठेवते, न्हायतर कोण म्हणंल म्हातारी रडकी.

आन मुद्द्याचं ऱ्हायलंच की. मला बी हितंच काम मिळालं. मेसमधी भाकरी थापायचं. ऱ्हायला कोठीच्या बाजूची खोली. नातीला बी हमी, आजीला बी.

२४ जुलै, गुरुवार

शेहेचाळीस पोरी. दोन्ही वेळच्या मिळून दोनशे भाकरी. पयल्या दिशी मनगट सुजलं, आता बसलं जाग्यावर.

माझ्या जोडीला बाळाबाई हाय. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, तोंडात शिवी. वीस वर्षं झाली हितं डाळ शिजवती. माझी भाकरी टम्म फुगलेली बघून म्हणली, वळसंगच्या ज्वारीला वारं लई भरलंय गं, तुज्यासारखं. मी म्हणलं, तुज्या डाळीत बी डाळ घालत जा की, पोरी आंघोळीचं पाणी समजत्यात. तवापासनं आमचं जमलं. दुपारचं ती पोत्यावर आडवी हुती आन घोरती. मी भांड्याच्या नळापाशी ही वही घेऊन बसते.

पोरी मला मावशी म्हणत्यात. मावशी, चटणी वाढा. मावशी, कडक भाकरी हाय का. ग्वाड वाटतं. काल कीर्ती ताट घेऊन रांगेत आली, मी आपली सवयीनं हाक मारली, कित्ते, तुला खरपूस काढून ठेवलीया. तिनं ताट घेतलं आन म्होरं सरकली. सांजच्याला कोठीत आली आन हळूच म्हणली, आजी, मेसमधी कित्ते म्हणू नको ना. बरं म्हणलं. नव्या मैतरणी, नवी जागा, लाजणारच की. त्यात काय एवढं.

बोट भाजलं आज तव्यावर. ध्यान नव्हतं.

२६ जुलै, शनिवार

आज एक नवी पोरगी भेटली. दुपारी तीनच्या सुमाराला, बाळाबाई घोरत हुती. मागच्या दारात उभी, हातात पत्र्याची पेटी, पायावर धूळ, जशी अक्कलकोटपासनं चालत आली. कानडी-मराठी मिसळून बोलती. मला अज्जी म्हणली. ऊट आयतेनु अज्जी, जेवलात का, असं आदी तिनंच विचारलं. आजकालच्या पोरी विचारतात का कुणाला?

नाव सिद्धेश्वरी. प्रवेश झालाय, पर खोलीचा कागद अपुरा हाय म्हणली, म्हणून आत घेत न्हायत. मी म्हणलं, ये जेवायला, कागदाचं मागनं बघू. आपल्यात दारात आलेल्याला उपाशी धाडत न्हायत. पर ती उंबऱ्याच्या आत आली न्हाय. आदी खोली, मग जेवण, म्हणली. दाराबाहेरच पेटीवर बसली आन माझ्या गोष्टी ऐकत ऱ्हायली. मी तिला यशपालच्या लहानपणीची ती शेळीची गोष्ट सांगितली, ती कीर्तीला आता ऐकायला नको वाटती. ही मातुर पोट धरून हसली.

तासभर बसली. ऊन न्हाय कसलं न्हाय, श्रावणाचं आभाळ, आन पोरीला घामाच्या धारा. 

२९ जुलै, मंगळवार

आज नागपंचमी. बाळाबाईनं सकाळीच विळी आन तवा पोत्यात बांधून ठेवला. चिरायचं न्हाय, तव्यावर काय टाकायचं न्हाय. सगळं उकडून. मला म्हणली, आज तुजा सण, नागूबाई, बस कोपऱ्यात, दूद वतते तुज्यावर. मी म्हणलं, वत, पर साखर घालून.

आमी हे काय मानत न्हाय, पर हाताला सुटी मिळाली हे ब्येस झालं.

दुपारी सिद्धेश्वरी आली. आज मीच वाट बघत हुते, खोटं कशाला लिहू. कीर्तीची दोन दिस गाठ न्हाय, तिचं प्रॅक्टिकल का काय असतं. सिद्धेश्वरीनं पेटीतनं फॉर्म काढला. घड्या घालून घालून कागद जुन्या लुगड्यागत मऊ झालेला. म्हणली, अज्जी, पालकाची सही तेवढी नाही. मला कोणी नाही. तुम्ही कराल का?

मला कोण सही मागतंय? पेन झाडला, मांडीवर काठवट पालथी घातली, तिच्यावर कागद ठेवला आन केली सही. वरचं बारीक वाचायला चष्मा कोठीत हुता. कोण उठतंय. नागूबाई सिद्राम शिवशरण. आजवरची सगळ्यात चांगली आली. मी म्हणलं, पोरी, तू बी माझी नातच की.

तवा ती उंबरा ओलांडून आत आली. माझ्या पाया पडली. तिचे हात असे तापलेले, जसा तवा.

३१ जुलै, गुरुवार

कीर्ती आज आपणहून कोठीत आली. नऊ नंबरात दुसऱ्या खाटेखाली कुणाची तरी पत्र्याची पेटी आलीया, पर पोरगी काय दिसंना, म्हणली. मी म्हणलं, सिद्धेश्वरी असंल, गुणाची हाय, संगं घेत जा. कीर्ती म्हणली, तुला कसं ठाऊक? मी म्हणलं, तुज्या आजीनं सही केलीया तिच्या फॉर्मवर. मला वाटलं कौतुक करंल. तिनं कपाळाला हात लावला. आजी, न वाचता?

आन एक. मेसच्या यादीत कीर्तीचं नाव नव्हतं आज. वाढणाऱ्यानं विचारलं, तू कोण? माझ्यासमोर. मी दोन भाकरी तिच्या ताटात टाकल्या, म्हणलं, चुकलं असंल. मग तीच हसली आन सगळ्यांम्होरं मोठ्यानं म्हणली, ही माझी आजी हाय.

लिहून ठेवते. सगळ्यांम्होरं म्हणली.

२ ऑगस्ट, शनिवार

हाफिसात गेले. गुरुराजनं रजिस्टर काढलं. माझी सही एकाच जागी हाय, सिद्धेश्वरीच्या नावाम्होरं. कीर्तीच्या नावाम्होरं पालकाची जागा कोरी. मी म्हणलं, तुज्याच डोळ्यांम्होरं केली की, शाईची डबी सारलीस ते विसरलास? तो भला पोरगा हाय, लाजला, पर म्हणला, मावशी, तुम्हाला मी भाकरीच्या कामावर बघितलं, हितं कधी न्हाय. एका पालकामागं एकच खाट.

खोलीवर गेले. कीर्तीची गादी, पिशवी आन बाबासाहेबांचा फोटो व्हरांड्यात. कुणी ठेवलं, कुणाला ठाऊक न्हाय. निळी चादर मातुर आत. दुसऱ्या खाटेवर. चादरीखाली कुणीतरी निजलेलं, पाय पोटाशी घेऊन.

आमी भुतंखेतं मानत न्हाय. कीर्तीला बी तेच शिकवलं. मी त्रिसरण म्हणत जिना उतरले. मधीच शब्द चुकला. कधी चुकला न्हाय आजपतोर.

४ ऑगस्ट, सोमवार

कीर्ती माझ्याजवळ कोठीत निजती दोन दिस. अंग नुसतं भाजतंय. डॉक्टर आणला. तो म्हणला, ऊन लागलंय. मी म्हणलं, कुटलं ऊन? चार दिस सूर्य न्हाय. त्यानं बी खिडकीबाहेर बघितलं आन परत नाडी धरली.

मी तिला वळसंगला न्यायचं ठरवलं. गेटवर मायाप्पा वॉचमन. त्यानं वही उघडली, म्हणला, हिचे पालक कोण? मी म्हणलं, मी. त्यानं बोट ठेवलं. तुमची सही सिद्धेश्वरीम्होरं हाय.

मी कीर्तीकडं बघितलं, आता हीच सांगंल म्हणून. तिनं हात सोडवून घेतला. म्हणली, मावशी, तुम्ही जा. माझे पालक आले की मी आत येईन.

मावशी.

५ ऑगस्ट, मंगळवार

कीर्ती सकाळपासनं गेटाबाहेर बसलीया, तिच्या पिशवीवर. उचलून आणली दोनदा. परत जाती.

बाळाबाईला सगळं सांगितलं. ती आदी ओरडली, रांडे, वाचायचं तरी, म्हणून. मग भिंतीला टेकून बसली आन सांगितलं. बारा वर्षांम्होरं हमी-बिमी काय नव्हती. सिद्धेश्वरी म्हणून पोरगी आली हुती, पेटी घेऊन, जून म्हैन्यात. तिला फकस्त आज्जी हुती, ती त्याच आठवड्यात वारली. हाफिसात म्हणले, पालक आण, मग खाट. ती गेटापाशी पेटीवर बसली. आता कुणी तरी येईल म्हणून. तीन दिस. तिसऱ्या दिशी दुपारी तीनला मायाप्पा पाणी घेऊन गेला तर बसल्या बसल्या —

त्याच्यानंतर हमी आली. नव्या हरेक पोरीला खोली. नऊ नंबरची दुसरी खाट कधी भरली न्हाय. बाळाबाई बी पाणी ठेवती रोज मागच्या दाराशी. पर सही कुणी केली नव्हती.

आज पयला दिस. उद्या दुसरा.

६ ऑगस्ट, बुधवार

नऊ नंबरात गेले. पेन घेऊन. पेटी उघडली, फॉर्म वरच हुता. सही खोडली की झालं.

सिद्धेश्वरी खाटेवर उठून बसली. चादर नीट घडी केली, आमच्या कीर्तीगत, कोपऱ्याला कोपरा लावून. पेटीचं हँडल धरलं. अज्जी, खोडा, म्हणली. मी बसते बाहेर. मला सवय आहे.

पेन टेकवला. न्हाय वडली रेघ.

बाळाबाई म्हणली, तुजं हाडामासाचं लेकरू जळतंय आन तुला मेलेलीची दया. खरंय तिचं. मला कळतंय. पर एकदा लोकांनी काढली तिला गेटाबाहेर. आता दुसऱ्यांदा काढायची, ती माझ्या हातानं? मी तिला नात म्हणलंय. तोंडानं म्हणलंय.

कीर्ती पाणी घेईना. माझ्या हातचं तर न्हायच. व्हट फुटलेत.

७ ऑगस्ट, गुरुवार, सकाळ

नेम दुसरा बी हाय की. मुलीला बाहेर न्यायचं तर पालकानं स्वता यायचं. गेटवर सही करायची.

म्हणजे काढायची न्हाय. न्यायची.

सिद्धेश्वरीला विचारलं, तुजी अज्जी जिथं गेली, ती वाट तुला ठाऊक हाय का? व्हय म्हणली. एकटीला भीती वाटती म्हणून गेले नाही.

भाकरी थापून ठेवल्या, शंभर. बाळाबाईचा हात धरला, म्हणलं, माझ्या पोरीला बघ. ती शिव्या देत ऱ्हायली. मग पदर तोंडात घातला.

७ ऑगस्ट, अडीच

गेटवर. मायाप्पानं वही दिली. त्यानं माझ्या शेजारी बघितलं, आन पेन त्याच्या हातातनं पडला. सिद्धेश्वरीम्होरं सही केली. कुटं नेणार, असा रकाना हाय. घरी, लिहिलं. परत कधी — तो कोरा सोडला.

पेटीवर बसलोय दोघी. तिनं माझा हात धरलाय. ऊन लई हाय. आभाळात न्हाय, तरी हाय. अक्षर वाकडं येतंय.

समोर कीर्ती. तिच्या पिशवीवर. दहा पावलं. तिनं मला विचारलं, मावशी, तुम्हाला पाणी देऊ का? तिला सोताला प्यायला जमंना, आन — तसंच वाढवलंय मी तिला.

न्हाय म्हणलं.

पावणेतीन

गुरुराज पळत आला. रजिस्टर घेऊन. कीर्तीम्होरं माझी सही हाय म्हणतो, हुतीच म्हणतो, कसं दिसलं न्हाय — बाळाबाईनं तिला उचलली. आत नेली. पाणी प्याली. इथनं दिसलं. प्याली.

कित्ते, ही वही तुला. सही वाचून करत जा. चादर तुज्या खाटेवर घाल. तुजी खाट हमीची हाय, उठू नको तिच्यावरनं, पुरं शिकल्याबिगर. मी हिला सोडून येते. जाते म्हणत न्हाय बघ, येते म्हणते —

हात हलंना. सिद्धेश्वरी म्हणती, अज्जी, चला. मी म्हणलं थांब गं, एवढी ओळ —

खिडकी उघडली. नऊ नंबरची. कीर्ती हाय. हिकडंच बघतीया. माझ्याकडं. वळखलं — वळखलं तिनं, गज धरलेत, तोंड उघडलंय, हाक मारतीया, आ